फावल्या वेळाचा हिशेब

"ताई, तेंदूची पानं सत्तर-सत्तर मोजून घेते, तं हे काहून नाही मोजत?"

गटाच्या बैठकीत एका बाईनं मला हा प्रश्न विचारला. दिवस मोहाचे होते. पहाटे उठून मोहफुलं वेचून आणलेली, अंगणात वाळत घातलेली, आणि दुपारी दोनच्या उन्हात आम्ही पडवीत बसलो होतो. तिच्या मांडीवर लोकरीचं अर्धं विणलेलं पांघरूण होतं. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या उन्हात मांडीवर लोकर घेऊन बसणं म्हणजे काय, हे ज्यानं अनुभवलं आहे त्यालाच कळेल. पांघरूण अर्थातच आमच्याकडे वापरण्यासाठी नव्हतं. शहरातल्या एका व्यापाऱ्याचं काम होतं, आणि ते गटाला मिळवून देण्यात माझाच पुढाकार होता. तेव्हा या लेखात कुणावर बोट ठेवलं असेल तर आधी स्वतःवर, हे सांगून टाकते.

क्रोशाचं हे पांघरूण कोपऱ्यातून सुरू होतं. नेहमीसारखी लांबलचक साखळी घालून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत विणत जायचं नाही. सहा साखळ्या घालायच्या, त्यांवर तीन खांब, की एक छोटा चौकोन झाला. उलटवायचं, पुन्हा सहा साखळ्या, तीन खांब, मग आधीच्या चौकोनाच्या साखळीत सुई गुंतवायची, तीन साखळ्या, आणि त्याच जागेत तीन खांब. दुसऱ्या ओळीत दोन चौकोन, तिसरीत तीन. ओळ तिरपी वाढत जाते. हवी तेवढी रुंदी झाली की प्रत्येक ओळीत एकेक चौकोन कमी करत समोरच्या कोपऱ्यात यायचं, आणि तिथं शेवटचा एक चौकोन उरतो. यातली सगळ्यात सोयीची गोष्ट अशी की आधी काही मोजावं लागत नाही. लोकर अर्धी संपली की कमी करायला लागायचं, पांघरूण बरोबर पुरतं. आमच्या बायकांनी हे पहिल्याच आठवड्यात ओळखलं. व्यापारी लोकर तोलून द्यायचा आणि तयार माल तोलून घ्यायचा, वजन कमी भरलं तर पैसे कापायचा. बायका किराणा दुकानातल्या काट्यावर गुंडे तोलून बरोबर अर्ध्यावर खूण करून ठेवायला लागल्या. चौथी पास झालेल्या, अंगठा उठवणाऱ्यासुद्धा.

लोकरीचा हिशेब असा ग्रॅमपर्यंत झाला. वेळेचा हिशेब मात्र कुणीच केला नव्हता, मीसुद्धा नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी मी काय म्हटलं होतं ते आजही आठवतं: "फावल्या वेळात होण्यासारखं काम आहे, घरबसल्या चार पैसे सुटतील." स्त्रियांच्या चळवळीत इतकी वर्षं काढलेल्या बाईच्या तोंडून हे वाक्य!

त्या दिवशी आम्ही हिशेब केला. पांघरुणाच्या एका बाजूला ४० चौकोन, म्हणजे एकूण १६००. हात बसलेल्या बाईला एका चौकोनाला साधारण मिनिट लागतं. मध्ये उठून चुलीतलं लाकूड सारणं, पोराला घेणं, शेळी हाकलणं हे धरलं नाही तरी १६०० मिनिटं म्हणजे २६ तास ४० मिनिटं. आठ तासांचा दिवस धरला तर सव्वातीन दिवसांहून जास्त. व्यापारी एका पांघरुणाचे १८० रुपये देत होता. तासाला पावणेसात रुपये झाले. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दरानं याच कामाचे ९९० रुपये होतात. पडवीत थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मग एक म्हातारी हसायला लागली आणि म्हणाली, "म्हनजे आमी त्याले दान देऊन राह्यलो."

मी वाचलेलं सगळं मला तेव्हा आठवलं, उशिरा का होईना. आंध्रात पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर नावाचं गाव आहे. मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन अभ्यासक बाईनं १९८२ साली त्या बायकांवर पुस्तक लिहिलं. ज्या दिवसाचे कित्येक तास लेस विणत होत्या त्या गृहिणीच समजल्या जात होत्या, त्यांचं काम म्हणजे रिकाम्या वेळेतला छंद, आणि माल विकणारे पुरुष तेवढे व्यापारी म्हणून मोठे होत होते. नरसापूरच्या त्या गोष्टीवर मी शिबिरांत बोललेली आहे. तरीही आमच्याच गटात तेच घडत असताना मला दिसलं नाही, कारण ते 'स्वयंरोजगार' हे नाव घेऊन आलं होतं.

क्रोशाबद्दल आणखी एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. दोन सुयांच्या विणकामाची यंत्रं आहेत, पण खरं क्रोशाकाम करणारं यंत्र बाजारात नाही. दुकानात क्रोशाचं काहीही दिसलं, कितीही स्वस्त असलं, तरी ते कुणाच्या तरी हातानंच विणलेलं असतं, आणि बहुतेक वेळा तो हात बाईचा असतो. किंमत कमी असेल तर कुठून कमी झाली हे वेगळं सांगायला नको.

आता दुसरी बाजू. बैठकीतच दोघीतिघी म्हणाल्या की दर वाढवून मागितला तर काम जाईल, आणि १८० तर १८०, ते नवऱ्याला न विचारता हाती येतात. सासू घराबाहेर पाठवत नाही त्या नव्या सुनेनं दुसरं काय करावं? याला माझ्याजवळ सोपं उत्तर नाही. ते पैसे मी क्षुद्र मानत नाही. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडून दुष्काळ पडला, तेव्हा क्रोशाच्या लेसवर कितीतरी घरांची चूल पेटली होती. पण त्या सुनेला घराबाहेर जाता येत नाही, ही तिची अडचण आहे, आणि व्यापाऱ्याचा नफा नेमका त्या अडचणीतून येतो. ती बाहेर पडू शकली असती तर रोवणीला गेली असती आणि दिवसाची मजुरी मागितली असती. हे काम दर मिनिटाला खाली ठेवता येतं, एकेक चौकोन करून पुन्हा उचलता येतं, म्हणूनच ते बाईच्या वाट्याला येतं. हातातलं काम सोडून कुणाच्या तरी हाकेला उठावंच लागणार, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

आणि फावला वेळ तरी कुठला? २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, करणाऱ्या पुरुषांची ९७. आमच्याकडे त्यात सरपण, पाणी, मोह, तेंदू, रोवणी, कापणी धरा. विणकाम रात्री जेवणं झाल्यावर होतं, म्हणजे झोपेतून कापून घेतलेल्या वेळेत.

तेंदूचा तो प्रश्न म्हणूनच मला महत्त्वाचा वाटतो. आमच्या जंगलातल्या बाईला नगावर मजुरी घेणं नवीन नाही. सत्तर पानांचा पुडा, शंभर पुड्यांचा भाव, हे तिला तोंडपाठ असतं. फडीवर मुनशी पुडा टाकून देतो तेव्हा ती भांडते. तो भावही कोणे एके काळी वरूनच यायचा. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर अनेक ग्रामसभा आपल्या तेंदूचा लिलाव आपण करू लागल्या. लेखा-मेंढ्याला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. जंगलातल्या पानाला आणि बांबूला भाव मागायला आम्ही शिकलो, पण घरात बसून केलेल्या कामाला भाव मागताना जीभ जड होते, कारण तिथे फडी नाही, मुनशी नाही, शेजारी दुसरी मजूर नाही. प्रत्येक जण आपापल्या पडवीत एकटी.

घरी काम करणाऱ्या मजुरांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९९६ साली करार केला (क्रमांक १७७), आणि भारतानं तो अजून स्वीकारलेला नाही. १९८८ च्या 'श्रमशक्ती' अहवालात इला भट्ट यांच्या आयोगानं घरबसल्या राबणाऱ्या बायकांची दखल घेतली होती. कायद्याची वाट पाहायचीच, पण तोवर संस्था म्हणवणाऱ्या आपण सगळ्याजणी काय शिकवतो हे तपासायला कायदा लागत नाही.

आमच्या गटानं व्यापाऱ्याकडे चौकोनाला ५० पैसे मागितले, म्हणजे पांघरुणाला ८०० रुपये. रोजगार हमीच्या हिशेबानं ६२ पैसे होतात, पण बायकांनी आपसात ठरवून ५० वर आणले. तो हसला, मग चिडला, आणि पुढच्या आठवड्यात टेम्पो पाठवून उरलेली लोकर घेऊन गेला. दुसऱ्या गावात त्याला बायका मिळाल्या असं ऐकते. आमच्या दोघी माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत, आणि त्यांचा राग मला समजतो.

म्हणून वाचक मैत्रिणींना विनंती आहे. तुमच्या भागात कुणी क्रोशा, गोधडी, मणीकाम, काहीही घरी करायला देत असेल, तर एका नगाला किती मिनिटं लागतात आणि हातात किती पैसे येतात, एवढंच लिहून आमच्याकडे पाठवा. दर गावोगावी एक झाला तरच टेम्पो दुसऱ्या गावाला जायचा थांबेल. आणि आपल्या संघटनेच्या कुठल्याही प्रशिक्षणात 'फावला वेळ' हा शब्द यापुढे वापरायचा नाही, असा ठराव मी पुढच्या बैठकीत मांडणार आहे.