दोन हजार शंभरांचा हिशेब

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत महायुतीने लाडक्या बहिणींना १५०० ऐवजी २१०० रुपये देऊ म्हटले. महाविकास आघाडीने ३००० सांगितले. १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात रक्कम १५०० च राहिली. आमच्या माकुणसारच्या भगिनी विचारतात, ‘वाढ कधी?’

उत्तर पाचवीच्या गणितात आहे. योजनेसाठी त्या वर्षी ३६,००० कोटींची तरतूद झाली. तेवढ्याच बहिणींना २१०० द्यायचे तर ५०,४०० कोटी लागतात, ३००० द्यायचे तर ७२,००० कोटी. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट सुमारे ४५,८९१ कोटी होती. म्हणजे चालू खर्चाइतकीही मिळकत नव्हती. वाढीव पैसा कर्ज काढून, कर वाढवून किंवा दुसऱ्या खात्यातून आणावा लागेल.

या पैशाला खैरात म्हणणे आम्हाला मान्य नाही. त्यातून सिलिंडर येतो, मुलांच्या वह्या येतात, अम्मीची औषधे येतात. स्वतःच्या खात्यात पैसा असलेल्या बाईला घरातही विचारले जाते. पण त्याच घरात कोणी गंभीर आजारी पडले, तर आपल्या जिल्ह्यातून मुंबई किंवा सिल्वासा गाठावे लागते आणि कित्येक हप्ते एका फेरीत संपतात.

सरकारी तिजोरी आपणा सर्वांची अमानत आहे. पुढच्या वेळी उमेदवार दारात आला तर चहा जरूर पाजा. मात्र ‘किती देणार?’ याआधी विचारा, ‘कुठून आणणार आणि कोणता खर्च कापणार?’ कापलेला खर्च आपल्या दवाखान्याचा किंवा शाळेचा असेल, तर वाढलेले सहाशे रुपये आपल्याच घरातून गेलेले असतील.