गच्चीवरचा मांडव

पावसाळा तोंडावर आला की परसात मांडव उभा राहिलाच पाहिजे, अशी कोकणातल्या घरांची जुनी रीत आहे, आणि तिला कारणही तसेच आहे. आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागतो. ज्या घरांत कांदा, लसूण, वांगी वर्ज्य होतात, तेथे पुढले चार महिने स्वयंपाकघराचा पुष्कळसा भार पडवळ, शिराळी, घोसाळी, दुधी, कारली आणि भोपळा यांच्यावरच पडतो. ऋषिपंचमीला तर बैलाच्या श्रमाचे काही खावयाचे नाही. तेव्हा त्या दिवशीच्या भाजीला परसातल्या वेलांवाचून गत्यंतर नसे. तात्पर्य, मांडव ही हौस नव्हती, घराची तरतूद होती.

आता मीरा-भाईंदरकडे पाहावे. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस समुद्र, पूर्वेस डोंगर, आणि मध्ये मिठागरे, भातशेती व लहानलहान गावे असा हा मुलूख होता. १९८५ साली येथे नगरपालिका आली, २००२ साली महानगरपालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांवर गेली. उत्तन-डोंगरीच्या बाजूस अजून थोडी मोकळी जमीन दिसते. पण बहुतेक कुटुंबांच्या वाट्याला चौथा-पाचवा मजला आणि त्यावरची सामाईक गच्ची, एवढेच आकाश उरले आहे. या गच्चीवर वेल लावणारी घरे आता पुष्कळ आहेत. मात्र श्रावणात वेल हिरवागार असूनही फळ धरत नाही, अशी तक्रार वारंवार कानी येते. आमचे म्हणणे एवढेच, की वाडीतला मांडव जसाच्या तसा गच्चीवर नेऊन चालत नाही. त्यातले काय ठेवावे आणि काय बदलावे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

प्रथम, मांडव हवाच कशाला? सर्वच वेलांना तो लागतो असे नाही. मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारे मोठाले भोपळे पंढरपूरच्या बाजूच्या शेतांत भुईवरच वाढतात. तेथे पाऊस बेताचा व जमीन कोरडी. आपल्याकडे मात्र चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. ओल्या मातीला टेकलेले कोवळे फळ अशा हवेत कुजते. शिवाय पडवळ, दुधी, शिराळे ही लांब फळे लोंबत वाढली तरच सरळ होतात. पडवळाच्या टोकाला लहानसा दगड बांधण्याची जुनी युक्ती याचसाठी आहे. पाने वाऱ्यावर मोकळी राहिली की भुरी रोगही कमी पडतो. ही तत्त्वे वाडीत खरी तशी गच्चीवरही खरी. येथवर काही बदलावयाचे नाही.

बदलावयाची पहिली गोष्ट म्हणजे वजन. वाडीतला वेल जमिनीवर उभा असतो, गच्चीवरला इमारतीच्या छतावर. ओल्या मातीने भरलेले साठ लिटरांचे पिंप नव्वद किलोंच्या आसपास भरते. अशी दहा पिंपे एका ठिकाणी मांडली तर छताच्या मध्यावर आपण किती ओझे ठेवले, याचा हिशेब घरातल्या कर्त्या माणसाने जरूर करावा. पिंपे छताच्या मध्यावर न ठेवता खाली तुळई वा भिंत असेल तेथे, कडेने ठेवावीत. एक भाग माती, एक भाग चांगले कुजलेले खत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा असे मिश्रण केल्यास भार बराच उतरतो व पाण्याचा निचराही होतो. पिंपांखाली विटा ठेवाव्यात, म्हणजे पाणी साचून छताला ओल धरणार नाही. इमारत जुनी असेल तर जाणत्या अभियंत्यास विचारल्याशिवाय एकही पिंप वर नेऊ नये. गच्ची सर्वांची असते. म्हणून सोसायटीची लेखी संमती आधी घ्यावी. शेजाऱ्यांशी वितुष्ट येऊन मिळालेला दुधी कोणालाच गोड लागत नाही.

दुसरी गोष्ट वारा. पानांनी भरलेला मांडव म्हणजे उभारलेले शीड होय. पावसाळ्याच्या तोंडावर या किनाऱ्याला वादळे येतात. मे २०२१ मधले तौक्ते चक्रीवादळ पुष्कळांच्या स्मरणात असेल. वाडीत पुरुषभर उंचीचा मांडव ठीक. गच्चीवर तो चार-साडेचार फुटांवरच थांबवावा आणि कठड्याच्या आतल्या बाजूस, त्याच्याच आडोशाने बांधावा. खांबांसाठी छताला भोके पाडू नयेत, पावसाचे पाणी तेथूनच घरात उतरते. बांबूचे खांब खडी भरलेल्या डब्यांत रोवून आडव्या बांबूंनी एकमेकांस जखडावेत. बांधणीला काथ्याची दोरी उत्तम. ती वेलाला कापीत नाही. हे सर्व बी पेरण्यापूर्वी झाले पाहिजे. वेल हातभर वाढल्यावर खांब रोवू लागलो तर मुळे दुखावतात आणि गुंतलेले ताणे सोडविताना शेंडे मोडतात.

बियांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे पाहावे. १९७२ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाने कारल्याची ‘कोकण तारा’, शिराळ्याची ‘कोकण हरिता’ आणि पडवळाची ‘कोकण श्वेता’ हे वाण आपल्याच हवेसाठी काढले आहेत. कारली व पडवळ यांच्या बियांचे कवच जाड असते. त्या रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवाव्यात. दुधीला एका पिंपात एकच वेल, शिराळ्याला फार तर दोन. खाडीलगतच्या विंधनविहिरींचे पाणी पुष्कळदा मचूळ असते. ते रोपांना न घालता पावसाचे साठवलेले किंवा नळाचे पाणी द्यावे. मुख्य वेल मांडवावर पोचला की त्याचा शेंडा खुडावा. बगलेचे फाटे फुटतात, आणि दुधीसारख्या वेलांत फळ धरणारी फुले त्यांवरच अधिक येतात.

आता तिसरी व आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. या वेलांवर नरफुले आणि मादीफुले वेगवेगळी असतात. आधी नुसती नरफुलेच येतात. ती गळून पडताना पाहून कित्येकजण घाबरून आणखी खत घालतात, आणि वेल पानांनीच माजतो. त्यानंतर येणाऱ्या मादीफुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते. नराचा पराग तेथे पोचला तरच ते वाढते, नाही तर पिवळे पडून झडते. वाडीत हे काम मधमाश्या आणि रात्रीचे पतंग करतात. उंच गच्चीवर ते फारसे येत नाहीत. तेव्हा ते आपणच केले पाहिजे. ताजे नरफूल खुडून त्याच्या पाकळ्या काढाव्यात आणि आतला परागाचा दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवावा. वेळ मात्र सांभाळावी: भोपळा, काकडी, कारले, घोसाळे ही सकाळी उमलतात, तर दुधी, शिराळे आणि पडवळ ही संध्याकाळी. दिवेलागणीच्या वेळी मुलांनी आजोबांबरोबर गच्चीवर जाऊन करावे असे याहून सोपे काम नाही, आणि वनस्पतिशास्त्राचा असा धडाही शाळेत मिळणे कठीण.

फळ धरले की फळमाशी येते. ती कोवळ्या फळाला टोचून आत अंडी घालते. मग फळ वाकडे होते व सडते. पाकळ्या गळताच फळावर कागदी पिशवी चढवावी. टोचलेली फळे कुंडीत किंवा खताच्या खड्ड्यात न टाकता पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवावीत, म्हणजे आतल्या अळ्या मरतात. फळे कोवळी असतानाच दर दोन-तीन दिवसांनी काढावीत. एक फळ जून होऊ दिले की वेलाचे बळ त्यातच जाते आणि पुढचा बहर मंदावतो.

एक गोष्ट विशेष सावधपणाची आहे. दुधी क्वचित कडू निघतो. पुष्कळ घरांत वडीलधारी मंडळी प्रकृतीसाठी दुधीचा रस घेतात, आणि औषध म्हटले की कडू असायचेच, असे समजून तो गिळतात. हा समज प्राणघातक ठरू शकतो. २०१० साली दिल्लीत असा कडू रस प्याल्याने एका गृहस्थांचा मृत्यू झाला; पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने समिती नेमून कडू रस मुळीच घेऊ नये असा इशारा दिला. या कडूपणाचे मूळ कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्ये होत, आणि ती शिजवूनही जात नाहीत. म्हणून दुधी चिरताच एक लहानसा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागल्यास तो थुंकून सबंध फळ टाकावे, आणि त्या वेलाचे बी कधीही धरू नये. रस प्याल्यावर उलट्या किंवा पोटात कळा सुरू झाल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडता रुग्णास तत्काळ इस्पितळात न्यावे.

बी धरावयाचे ते उत्तम वेलावरचे, मधल्या बहरातले एक फळ राखून. ते वेलावरच वाळू द्यावे आणि बिया राखेत घोळवून बरणीत भराव्यात. संकरित बियांच्या बाबतीत मात्र हा उपयोग नाही. बाकी कोवळी फळे स्वयंपाकघराची. शिराळ्याच्या शिरांची चटणी, घोसाळ्याची भजी, भोपळ्याचे घारगे आणि डाळ घालून केलेले पडवळ या गोष्टी घरातल्या वडील बायकांना सांगावयास नकोत. पण सुनांनी व नातींनी त्या त्यांच्याकडून शिकून घ्याव्यात. बाजारातले शिराळे दोन दिवसांचे असते, मांडवावरचे दोन घटकांचे. बांबू आणि काथ्या याच महिन्यात आणून ठेवावा. बी त्यानंतरही मिळेल.