हँकिन यांच्या तोंडी घातलेला विषाणू

१/ समाजमाध्यमांवर एक वाक्य पुन्हा पुन्हा फिरते : ‘१८९६ साली अर्नेस्ट हँकिन यांनी गंगाजलातील जिवाणूभक्षक विषाणू शोधला.’ मित्रहो, इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझा या वाक्याला ठाम विरोध आहे.

२/ हँकिन आग्र्यास काम करीत. त्यांचा लेख पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात आला. गंगा-यमुनेच्या न उकळलेल्या पाण्यात पटकीचे जिवाणू झपाट्याने मरतात, हे त्यांचे निरीक्षण. कारण म्हणून त्यांनी बाष्पनशील द्रव्याकडे बोट दाखविले. कारण हवाबंद नळीत तापविल्यावरही पाण्याचा गुण टिकत होता. असे विषाणू तेवढी उष्णता सोसत नाहीत. म्हणजे ज्या लेखाचा दाखला देता, तोच तुमच्याविरुद्ध साक्ष देतो!

३/ ‘बॅक्टेरियोफेज’ हे नाव फेलिक्स द’हेरेल यांनी १९१७ मध्ये दिले. एकवीस वर्षांनंतरचे ज्ञान आधीच्या माणसाच्या तोंडी घालणे म्हणजे गौरव नव्हे, कालविपर्यास होय.

४/ दुसरा भ्रम अधिक घातक : ‘हा विषाणू जिवाणूला मारतोच.’ १९५१ मध्ये एस्थर लेडरबर्ग यांना ई. कोलाय जिवाणूत लपलेला ‘लॅम्डा’ विषाणू आढळला. त्याच्यापुढे दोन वाटा असतात : पेशी फोडून बाहेर पडणे, किंवा यजमानाच्या जनुकांत स्वतःला गुंफून निद्रिस्त राहणे.

५/ ही निवड इच्छेने होत नाही, प्रथिनांच्या प्रमाणाने होते. पेशी सुपोषित असेल तर तिची विकरे ‘सी-टू’ हे प्रथिन नष्ट करतात आणि संहार घडतो. पेशी उपाशी असेल, वा एकाच पेशीत अनेक विषाणू शिरले असतील, तर सी-टू साठते, ‘सी-वन’ तयार होते आणि विषाणू झोपी जातो. अतिनील किरणांनी पेशीचा डीएनए दुखावला की सी-वन तुटते. झोपलेला जागा होतो.

६/ आता पटकीकडे या. १९९६ मध्ये, हँकिन यांच्या लेखानंतर बरोबर शंभर वर्षांनी, वॉल्डर आणि मेकॅलनोस यांनी दाखविले की पटकीच्या विषाचे जनुकच एका विषाणूने जिवाणूत आणलेले असते. तो यजमानाला मारीत नाही. त्याच्यासोबत राहून त्याला माणसासाठी मारक बनवितो. कुठे गेला तुमचा रक्षक?

७/ परळला हाफकिन संस्थेपुढून जाताना हे आठवा. मृत जिवाणूंपासून केलेली प्लेगची लस वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये होती. त्यांच्या थोरवीसाठी कुणी नवे शोध त्यांच्या नावावर चढवीत नाही. हँकिन यांनाही हाच न्याय द्या.

८/ खोट्या श्रेयाने इतिहास तर बिघडतोच. पण ‘नदी स्वतःच जंतू मारते’ या समजुतीने कुणी न उकळलेले पाणी पोराच्या तोंडाला लावले, तर त्याची किंमत ते पोर मोजते. पोस्ट पुढे पाठविण्याआधी मूळ लेख वाचा.