बोसूची मोजदाद आणि निंबाचे लोखंड

२०२४ च्या सप्टेंबर महिन्यात पश्चिम आफ्रिकेतील गिनी देशातून एक बातमी आली होती. बोसू नावाच्या गावाजवळ शेतात काम करणाऱ्या एका बाईचे तान्हे मूल चिंपांझीने ओढून नेले. पुढे त्या बाळाचा मृतदेह जंगलात सापडला. गाव खवळले आणि जमाव थेट तिथल्या पर्यावरण संशोधन संस्थेवर चालून गेला. संगणक, ड्रोन, वर्षानुवर्षांची कागदपत्रे, जे हाती लागले ते फोडले, जाळले. आपल्याकडे ही बातमी फारशी कुणाच्या लक्षात राहिली नसेल. पण त्या आईच्या दुःखाइतकाच त्या जमावाचा राग समजून घेण्यासारखा आहे. मूल चिंपांझीने नेले आणि गावाने जाब विचारला तो चिंपांझींची नोंद ठेवणाऱ्यांना. असे का झाले असावे, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

प्रथम जागा समजून घेऊ. गिनी, आयव्हरी कोस्ट आणि लायबेरिया या तीन देशांच्या सीमा जिथे मिळतात तिथे निंबा पर्वत उभा आहे. उंची १,७५२ मीटर. खाली दाट जंगल, वर गवताळ माथे, आणि पिल्लांना थेट जन्म देणारा एक चिमुकला भेक, जो जगात दुसरीकडे कुठे आढळत नाही. १९४४ मध्ये फ्रेंच राजवटीने हा डोंगर राखीव केला. युनेस्कोने १९८१ मध्ये गिनीचा आणि १९८२ मध्ये आयव्हरी कोस्टचा भाग जागतिक वारसा म्हणून घोषित केला. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, तो ‘धोक्यातील वारसा’ यादीत गेला आणि अजून तिथेच आहे. कारणे दोन दिली गेली : लायबेरियातील यादवीमुळे आलेले निर्वासित आणि लोहखनिज. निर्वासितांचे लोंढे कधीच ओसरले. खनिज मात्र डोंगरातच आहे.

बोसू गाव या पर्वताच्या पायथ्याकडे, मुख्य जंगलापासून काही किलोमीटर अंतरावर आहे. मधे गवताळ माळ. गावाला लागून असलेल्या छोट्या टेकड्यांच्या जंगलात चिंपांझींचा एक कळप पिढ्यान्‌पिढ्या राहत आला. इथले मानो लोक या चिंपांझींना पूर्वजांच्या ठिकाणी मानतात, म्हणून त्यांची शिकार कुणी करत नसे. देवराई म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगायला नको. गावालगतची ती राई टिकली ती अशाच श्रद्धेमुळे.

१९७६ मध्ये इथे युकिमारू सुगियामा नावाचे जपानी प्राणिशास्त्रज्ञ आले. सीमाभागातल्या आपल्या वाचकांना हे नाव ओळखीचे वाटायला हवे, निदान धारवाडकरांना तरी. कारण हेच सुगियामा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला धारवाडच्या आसपासच्या जंगलात आपल्या नेहमीच्या वानरांचा अभ्यास करत होते. बाहेरच्या नरांनी टोळीवर कब्जा केला की आधीच्या नराची पिल्ले मारली जातात, हे त्यांनी तिथेच पाहिले आणि जगापुढे मांडले. त्या काळी पुष्कळांना ते पटले नाही. आज प्राणिवर्तनाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात धारवाडची ती वानरे भेटतात. बेळगावहून दीड-दोन तासांवरच्या त्या रानात घडलेली नजर सुगियामा निंबाच्या पायथ्याशी घेऊन गेले, असे म्हणायला हरकत नाही.

त्यांच्यानंतर तेत्सुरो मात्सुझावा आणि क्योतो विद्यापीठातील इतरांनी हे काम पुढे चालवले. बोसूचे चिंपांझी जगात प्रसिद्ध झाले ते दगडांमुळे. तेलताडाची कठीण बी एका सपाट दगडावर ठेवायची, दुसरा दगड हातोड्यासारखा मारायचा आणि आतला गर खायचा. पिल्लू हे आईशेजारी बसून शिकते. साधारण तीन ते पाच वर्षांच्या वयात हात बसतो. सातव्या वर्षापर्यंत जमले नाही तर पुढे जमत नाही. माणसांनी लावलेले फास न अडकता मोडून टाकताना इथले काही नर दिसले आहेत. आणि २००३ च्या साथीत मेलेल्या पिल्लाचे सुकलेले शरीर जिरे नावाच्या मादीने ६८ दिवस सोबत वागवले, याचीही नोंद आहे. प्रत्येक चिंपांझीला नाव आहे. कोण कुणाचे पोर, कोण कधी दिसेनासे झाले, सगळे लिहिलेले आहे.

इतके असूनही कळप घटतच गेला. सुगियामा आले तेव्हा सुमारे वीस चिंपांझी होते आणि पुढची पंचवीस वर्षे आकडा तिथेच घुटमळत राहिला. २००३ च्या अखेरीस श्वसनाच्या आजाराची साथ आली आणि पाच चिंपांझी गेले. त्यानंतर संख्या पुन्हा वर आली नाही. आज ती एक आकडी आहे.

याचे कारण एकट्या साथीत शोधून चालणार नाही. चिंपांझींमध्ये मादी वयात आली की जन्माचा कळप सोडते आणि दुसऱ्या कळपात जाते. आपल्या लेकी सासरी जातात तसेच म्हणा ना. बोसूतून तरुण माद्या गेल्या, पण बाहेरून नव्या माद्या येऊन स्थिरावल्या नाहीत. मधला माळ ओलांडायचा म्हणजे उघड्यावरून जायचे. शेते वाढली, रस्ते रुंदावले, वर्दळ वाढली आणि ती छोटी टेकडी बेटासारखी एकटी पडली. साथ आली नसती तरी नवे रक्त न मिळालेला कळप म्हातारा होतच गेला असता. यावर उपाय म्हणून १९९७ पासून बोसू आणि निंबा यांच्यामधल्या माळावर झाडांचा पट्टा उभा करण्याचे काम सुरू झाले. रोपे लावली, वाढवली, वणव्यात ती जळाली, पुन्हा लावली. ज्याने उघड्या माळावर वृक्षारोपण केले आहे त्याला यातली चिकाटीही कळेल आणि हताशाही.

चिंपांझींना होणारे श्वसनाचे आजार बहुधा माणसांचेच असतात. टांझानियातील महाले पर्वतावर आणि आयव्हरी कोस्टच्या ताई जंगलात हे तपासातून दिसून आले आहे. आपली साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतते. म्हणून आता संशोधकांनी तोंडावर मास्क लावावा आणि सात ते दहा मीटरांपेक्षा जवळ जाऊ नये असा नियम आहे. पण चिंपांझी माणसाला सरावला नाही तर त्याचा जवळून अभ्यास होत नाही, आणि सरावला की तो संशोधक कोण नि शेतकरी कोण असा भेद करत नाही. भीती मोडते ती सगळ्याच माणसांची. बोसूत शेते जंगलाला खेटून आहेत. रानातली फळे कमी पडली की चिंपांझी कसाव्याच्या, पपईच्या शेतात उतरणारच. गावाच्या नजरेने पाहिले तर संस्थेने या प्राण्यांना नावे दिली, त्यांचे लाड केले, परदेशी पाहुणे आणले. मग मूल गेल्यावर जाब कुणाला विचारायचा? जाळपोळीचे समर्थन आम्ही करत नाही. पण हा प्रश्न गैर आहे असेही आम्हाला वाटत नाही.

आपल्या जवळचे उदाहरण आठवते. २०२० च्या जानेवारीत गोव्याच्या म्हादई अभयारण्यात सत्तरी तालुक्यात चार वाघ विषबाधेने मेले. गुरे मारली जात होती, ती ज्यांची होती त्या गरीब कुटुंबाकडे संशयाचे बोट गेले. वाघ आहेत हे कॅमेऱ्यांनी टिपले होते. शेजारी राहणाऱ्यांचे काय, याची व्यवस्था मात्र त्या वेगाने झाली नव्हती. बोसूत नेमके हेच झाले असे आम्हाला वाटते. चिंपांझींच्या वहीत गावाच्या नुकसानीचे पान फार पातळ राहिले.

आता डोंगराकडे वळू. निंबाच्या मुख्य जंगलातले चिंपांझी माणसाला सरावलेले नाहीत. सेरिंगबारा भागात २००३ पासून कॅथेलाइन कूप्स आणि त्यांचे सहकारी अभ्यास करत आहेत, तो बराचसा अप्रत्यक्ष. प्रौढ चिंपांझी रोज संध्याकाळी फांद्या वाकवून झोपण्यासाठी नवे घरटे करतो. डोंगर चालत ही घरटी मोजायची, ती किती दिवसांत मोडतात याचा हिशेब लावायचा आणि त्यावरून संख्येचा अंदाज बांधायचा. जोडीला झाडांना बांधलेले कॅमेरे आणि विष्ठेतून मिळणारे जनुकीय नमुने. कष्टाचे काम आहे. पश्चिम आफ्रिकी चिंपांझींची संख्या १९९० ते २०१४ या काळात सुमारे ८० टक्क्यांनी घटली, हे अशाच पाहण्या एकत्र करून समजले आणि २०१६ मध्ये या उपजातीला ‘अतिसंकटग्रस्त’ हा दर्जा मिळाला.

याच घरट्यांच्या मोजणीवर आता मोठे व्यवहार अवलंबून आहेत. निंबाच्या गिनीकडील भागात वारसास्थळाच्या हद्दीतून खाणीसाठी सुमारे १,५०० हेक्टरचा तुकडा १९९० च्या दशकातच वगळून ठेवला आहे. नकाशात तो वेगळा दिसतो. चिंपांझीला ती रेघ दिसत नाही. एका कळपाला सुरुंगांच्या आवाजाने जागा सोडावी लागली तर तो शेजारच्या कळपाच्या हद्दीत शिरतो, आणि चिंपांझींमध्ये हद्दीचे भांडण जीव घेईपर्यंत जाते. त्यामुळे ‘खाणीच्या जागेत फक्त इतकेच चिंपांझी आहेत’ हा आकडा खरा असला तरी परिणाम त्याहून दूरवर पोचतो. पलीकडे लायबेरियात तर खाण चालूच आहे. तिथले खनिज आपल्या मित्तल कुटुंबाची आर्सेलरमित्तल कंपनी काढते आणि येकेपाहून रेल्वेने बुकॅनन बंदराला पाठवते. गिनीकडचे खनिजही याच रेल्वेने नेण्याचे बेत आहेत. चिंपांझींच्या पाहण्यांचा बराच खर्च आज खाण कंपन्याच करतात. पाहणी करणारे अप्रामाणिक असतात असे नाही, पण आकडे कुणाच्या कपाटात राहतात आणि कधी बाहेर येतात, हे पैसे देणारा ठरवू शकतो.

लोखंड आणि जंगल हा पेच सह्याद्रीतही आला होता. कुद्रेमुखची खाण राष्ट्रीय उद्यानात होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ती २००५ च्या अखेरीस थांबली. गोव्यातल्या खाणींवर २०१२ मध्ये बंदी आली तेव्हा किती घरांची मिळकत एका रात्रीत बंद पडली, हेही आपल्यापैकी अनेकांनी नात्यागोत्यात पाहिले. निंबाच्या पायथ्याच्या तरुणाला खाणीत नोकरी हवी असेल तर त्याला दोष देणे आम्हाला जमणार नाही. फरक इतकाच की आपल्याकडे दाद मागायला न्यायालय होते, वर्तमानपत्रे होती, मोर्चे होते. गिनीत २०२१ पासून सत्ता लष्करी उठाव करणाऱ्यांच्या हातात गेली आणि खाणी हेच सरकारच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे.

पुढच्या काळात या विषयावरच्या बातम्या वाचताना चिंपांझी किती उरले यापेक्षा तीन गोष्टींकडे लक्ष ठेवावे असे आम्ही सुचवू. खाणीच्या अटी ठरवताना पाहणीचे पूर्ण अहवाल लोकांसमोर ठेवले जातात का. पीक गेले, जनावर किंवा माणूस दगावला तर बोसूसारख्या गावाला भरपाई कुणाकडून आणि किती दिवसांत मिळते. आणि माळावरचा झाडांचा पट्टा पलीकडच्या जंगलाला भिडतो का. बोसूच्या उरलेल्या चिंपांझींत बाळंत होऊ शकतील अशा माद्या फार थोड्या आहेत. पट्टा भिडायला आणखी दहा वर्षे लागली तर त्या वाटेने येणाऱ्या नव्या मादीला दगडाने बी फोडून दाखवणारे कुणी तिथे असेलच असे नाही.