टोमॅटो ‘चवीपुरता’ असला तरी सांगा

संपादक महोदय,



जैन पावभाजी मागितली की कांदा, लसूण, बटाटा वगळलेली पावभाजी आपल्याकडे विनातक्रार मिळते. उपवासाच्या खिचडीत चुकून हळद पडली तर आख्खी कढई बाजूला काढली जाते. श्रद्धेचं पथ्य इतक्या काटेकोरपणे पाळलं जातं याचा मला आदरच आहे. पण माझ्या मुलीला टोमॅटोचं वावडं आहे असं सांगितलं की उत्तर येतं, “अहो ताई, चवीपुरताच घातलाय.” त्या चवीपुरत्या टोमॅटोनं तिचे ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात. त्वचेच्या तपासणीतून आणि आधीच्या त्रासाच्या नोंदींवरून तज्ज्ञ डॉक्टरांनी केलेलं हे निदान आहे. मुलीचे नखरे नाहीत.

दुसरा सल्ला असतो, “शिजवलेला चालतो की!” काहींना चालतो, हे खरं. परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्या काही जणांना कच्च्या टोमॅटोनं तोंडात खाज सुटते, कारण दोन्हींतली काही प्रथिनं एकमेकांसारखी असतात. ही प्रथिनं उष्णतेनं मोडतात, म्हणून अशा बऱ्याच जणांना सार किंवा सॉस बाधत नाही. पण टोमॅटोतलं आणखी एक प्रथिन, लिपिड ट्रान्सफर प्रोटीन, शिजवूनही टिकतं आणि पाचकरसांनाही दाद देत नाही. त्याची अ‍ॅलर्जी असलेल्याला तासभर उकळलेली ग्रेव्हीही त्रास देऊ शकते. समोरच्याला यातलं काय आहे हे वाढपी ठरवू शकत नाही, आणि लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारी आत्याही नाही. श्वास अडकू लागला, चक्कर आली, तर नुसत्या पित्ताच्या गोळीनं भागत नाही. मांडीत अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन देऊन तातडीनं रुग्णालय गाठावं लागतं.

छातीत जळजळलं की टोमॅटोची अ‍ॅलर्जी, असंही नाही. ते बहुधा आम्लपित्त असतं. लहान बाळाच्या तोंडाभोवती येणारी लाली अनेकदा टोमॅटोतल्या आंबटपणामुळे येते. शेकडो पदार्थांची यादी देणाऱ्या ‘आयजीजी’ रक्तचाचण्यांवर विसंबून मुलांचं खाणं तोडू नका. अ‍ॅलर्जीच्या निदानासाठी त्या ग्राह्य मानल्या जात नाहीत. ऊठसूट ‘अ‍ॅलर्जी’ म्हणण्यानं खऱ्या रुग्णाचं बोलणं कुणी मनावर घेत नाही, याचा मला फार राग येतो.

आता मुद्द्याचं. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल-नियमांत गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन वगैरे अ‍ॅलर्जीकारक घटक ठळकपणे सांगणं बंधनकारक आहे. त्यात टोमॅटो नाही. तो त्या यादीत घाला, अशी माझी मागणी नाही. यादी किती वाढवणार? माझा आक्षेप एका सवलतीवर आहे. तयार मसाला किंवा सॉस यांसारखा मिश्र घटक पदार्थात पाच टक्क्यांहून कमी असेल, तर त्यात काय काय आहे ते पाकिटावर फोडून सांगावं लागत नाही. यादीतल्या घटकांना निदान वेगळा उल्लेख मिळतो. टोमॅटो पावडर मात्र नेमकी याच फटीत लपू शकते. ही सवलत रद्द करावी. अक्षरं थोडी वाढतील, एवढंच.

हॉटेलांबाबत मला सांगितलं जातं की इतकं लक्षात ठेवणं अशक्य आहे. पटत नाही. सकाळी एकदा लाल ग्रेव्ही करून ठेवतात आणि दिवसभर पाच-सहा भाज्यांत तीच फिरते. त्यात काय घातलं हे आचाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. गल्ल्यापाशी एक वही ठेवा, प्रत्येक ग्रेव्हीचे जिन्नस त्यात लिहा, विचारणाऱ्याला दाखवा. केटररनी बुफेत पदार्थाच्या नावाखाली आंबटपणा कशाचा आहे तेवढं लिहावं. चिंच, आमसूल, कैरी, दही असताना टोमॅटोवाचून आपलं काही अडत नाही. अमेरिका खंडातून तो येण्याआधीही आपली आमटी आंबट होतच होती.

नियमांचे मसुदे हरकती-सूचनांसाठी खुले होतात, तेव्हा मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी पाच टक्क्यांचा हा मुद्दा लावून धरावा. आणि आपल्या पुरवणीतल्या पाककृतींत टोमॅटो असेल तिथे कंसात त्याचा पर्याय छापावा, ही आपल्यालाही विनंती.

— एक पालक, नाशिक