फेकलेलं जातं कुठे?



आपण पाणी दुहेरी फडक्यातून गाळतो, मग उकळतो. जीवदयेसाठी ते योग्यच आहे. पण विरघळलेलं रसायन फडक्याला अडत नाही. क्लोरीनमुळे पाण्यात तयार होणारं क्लोरोफॉर्म उकळताना बरंचसं हवेत उडतं. खतातून विहिरीत झिरपलेलं नायट्रेट मात्र उडत नाही. पाणी आटलं की उलट दाट होतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते फार वाढलं, तर त्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं.

प्रत्येक रसायनाचा स्वभाव वेगळा. कपाटातल्या डांबरगोळ्या झिजतात, म्हणजे त्यातलं नॅफ्थलीन हवेत मिसळून आपल्या श्वासात येतं. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही; मातीला आणि चरबीला धरून वर्षानुवर्षं राहतं. तरी थोडं थोडं उडून ते आर्क्टिकपर्यंत गेलं आणि तिथल्या सीलच्या चरबीत सापडलं.

कॅनडातले शास्त्रज्ञ डोनाल्ड मॅके यांनी १९७९ मध्ये ही वाटणी मोजायला ‘फ्युगॅसिटी’ची कल्पना वापरली. सोप्या शब्दांत, पदार्थाची निसटण्याची ओढ. माती, पाणी आणि हवा यांत ती ओढ सारखी होईपर्यंत पदार्थ इकडून तिकडे सरकत राहतो.

म्हणूनच ‘फेकून दिलं’ हे मला पटत नाही. उरलेलं कीटकनाशक मोरीत ओतलं तर पाण्यात जातं, परसात ओतलं तर मातीत, जाळलं तर हवेत. पृथ्वीकाय, अप्काय, वायुकाय हे जीव आपण वेगळे मोजतो; रसायन त्यांच्यातली हद्द पाळत नाही. एकाला वाचवायला दुसऱ्यावर टाकलं, तर हिंसा टळली कुठे?

कारखान्यांचा आणि शेतीचा वाटा आपल्यापेक्षा मोठा आहे, हे खरं. पण घरात काय आणायचं, ते आपल्याच हातात असतं. माझ्या मते परिग्रहाचा विचार दुकानातच व्हावा. कपड्यांना कडक ऊन आणि गळून पडलेला, वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरतो. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पीत असाल, तर गाळणं-उकळणं चालू ठेवाच, पण एकदा प्रयोगशाळेत नायट्रेटही तपासून घ्या. घरात तान्हं बाळ असेल तर आधी.