अठरा वर्षांची बाटली

२०१२ साली जावयांनी स्कॉटलंडहून ग्लेनलिव्हेटची १८ वर्षांची बाटली आणली. धारवाडचे आमचे व्याही म्हणाले, "ईग ब्याड्री, आणखी मुरू दे." मुरण्यावर आम्हा दोघांचाही भारी विश्वास, लोणचं काय नि व्हिस्की काय! बाटली कपाटात गेली. नातीचं बारसं झालं, माझी एकसष्टी झाली. प्रत्येक वेळी "एवढ्यात नको" म्हणत आम्ही ती राखली.

शेवटी २०२४ च्या दिवाळीत ती निघाली. मी म्हटलं, "आता तिशीची झाली असेल." जावई हसले. "मामा, व्हिस्की बाटलीत मुरत नाही. मुरते ती ओकच्या लाकडी पिंपात. बाटलीत भरली की तिचं वय थांबलं." लेबलावरचा आकडाही म्हणे आतल्या सर्वांत कोवळ्या व्हिस्कीचा असतो. स्कॉच म्हणवून घ्यायला निदान ३ वर्षं स्कॉटलंडातच पिंपात काढावी लागतात. सिंगल मॉल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, मोड आणलेल्या सातूपासून केलेली. तिथे पिंपातून दरवर्षी सुमारे २ टक्के उडून जातं. त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. आपल्या बेंगळुरूच्या उन्हात 'अमृत'वाल्यांच्या पिंपांतून १० ते १२ टक्के जातं. त्यामुळे इकडे व्हिस्की लवकर मुरते, पण १८ वर्षं ठेवायची तर पिंपात फारसं उरायचंच नाही.

जावयांनी निमुळत्या तोंडाच्या पेल्यांत थोडी थोडी ओतली. व्याही पेला नाकाशी धरून गप्प बसले. २०२१ मध्ये कोविड झाला, तेव्हा गेलेला त्यांचा वास परतलाच नव्हता. आपण जिला चव म्हणतो ती बरीचशी नाकाचीच. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "नीवु हेळ्री. तुम्ही सांगा, काय येतंय?"

मी नाक खुपसलं तर नुसता झणका. डोळ्यांत पाणी आलं. "हळू, तोंड जरा उघडं ठेवून," जावई म्हणाले आणि त्यांनी चार थेंब पाणी घातलं. पाण्यानं वास मोकळा होतो म्हणे. आणि खरंच झाला.

"संत्र्याची साल," मी म्हटलं. "मध. बेदाणे. थोडी दालचिनी. आणि... जुनं लाकडी कपाट उघडल्यावर येतो ना, तसा."

"आमच्या आज्जाच्या कपाटासारखा? त्यात गुळाची ढेप असायची."

मी पुन्हा हुंगलं. "हो, गूळही आहे." त्यांच्या समाधानासाठी नाही म्हटलं, ते म्हणाले तेव्हा मला तो सापडला.

व्याह्यांनी डोळे मिटून एक घोट घेतला, बराच वेळ जिभेवर ठेवला. "गोड आहे. घशात ऊब आहे." जावई आणखी ओतायला गेले, तसा त्यांनी पेल्यावर हात ठेवला. "साक्री."

बारा वर्षं आम्ही तिला मुरू देत होतो. ती होती तिथेच होती. वय आमचं चाललं होतं. मधल्या नऊ वर्षांत कधीही ती काढली असती, तर व्याह्यांनी स्वतःच्या नाकानं आज्जाचं कपाट उघडलं असतं.

बाटली अजून अर्धी आहे. पुढच्या रविवारी व्याह्यांना जेवायला बोलावलंय. प्रसंग काही नाही.